डाव्या कोपऱ्यातली लाइन

साताऱ्याच्या त्या लहानशा ऑफिसात पल्लवी यमगर सगळ्यांत जुनी. दारावर पाटी वीरधवल भोईट्यांच्या नावाची होती, पण रस्त्याचं म्हणा, वसाहतीचं म्हणा, नवं काम आलं की भोईटे साहेब आधी तिच्या टेबलाकडे बघायचे. ती मान डोलवायची, मगच ते फोनवर समोरच्याला "होऊन जाईल" म्हणायचे.

पल्लवीचं गाव कवठे महांकाळच्या पलीकडे, माळावरची वस्ती. घराणं धनगराचं. सांगलीला सिव्हिल ड्राफ्ट्समनचा कोर्स करून ती साताऱ्याला आली आणि इथलीच झाली. तिचं लग्न झालं होतं आणि दोन वर्षांच्या आत मोडलंही होतं. त्याबद्दल कुणी विचारलं की ती जेवणाच्या डब्याचं झाकण लावायची, म्हणजे विषय संपला. एक खोली भाड्याची, खिडकीत तुळस, महिन्या-दोन महिन्यांनी आईकडे फेरी. चाळिशी ओलांडली तरी तिच्या राहणीत फरक नव्हता.

ऑफिसात दोन सॉफ्टवेअर चालत. एकात रस्ते आखायचे. सर्व्हेवाल्यांनी आणलेले जमिनीचे चढउतार, त्यावर रस्ते, रस्त्याच्या कडेनं पावसाळी पाण्याचे पाइप, ठिकठिकाणी चेंबर. दिसायला सगळं पक्कं, पण त्या सॉफ्टवेअरला पाऊस ठाऊक नसतो. जोराचा पाऊस झाला तर पाणी कुठून किती येईल, कुठला पाइप अपुरा पडेल, कुठल्या चेंबरचं झाकण उचलून पाणी रस्त्यावर येईल, हे दुसरं सॉफ्टवेअर सांगतं. पहिल्यातलं मॉडेल दुसऱ्यात नेऊन बसवायचं, हे पल्लवीचं काम.

ऐकायला हे सोपं वाटतं. फाइल इथून काढायची, तिथं उघडायची. पण मॉडेल नेताना काय काय सांडतं ते तिलाच माहीत. कुणीतरी पाइप उलटा काढलेला असतो, म्हणजे पाणी चढावर जातंय असं होतं. दोन चेंबरना एकच नाव पडलेलं असतं. एखादा पाइप चेंबरला टेकलेला दिसतो आणि प्रत्यक्षात वीतभर अलीकडेच थांबलेला असतो. पल्लवी आधी सगळं मॉडेल निवडून-पाखडून घ्यायची, मग पाइपलाइनी निवडून बाहेर काढायची, दुसरीकडे उघडून कुठला पाइप केवढा आणि कुठलं चेंबर कसलं ते जुळवायची, आणि शेवटी एकेका चेंबरची तळपातळी दोन्हीकडे सारखी आलीय का ते बघायची. ऑफिसात या कामाला "बिऱ्हाड हलवणं" म्हणत. हा शब्द तिनंच आणलेला. लहानपणी मेंढरांमागं फिरताना घोड्यावर लादलेलं बिऱ्हाड तिनं पाहिलं होतं. मुक्काम हलला की आई आधी मागं वळून चुलीच्या जागेकडे बघायची, काही राहिलं तर नाही ना म्हणून.

त्या वर्षी उंब्रजच्या बाजूला, महामार्गापासून थोडं आत, डोंगराच्या पायथ्याला एक नवी वसाहत होत होती. प्लॉट पडले होते, काही घरांचे पाये भरून झाले होते. तिथल्या पावसाळी गटारांचं काम भोईटे साहेबांकडे आलं. रस्त्यांचं मॉडेल शंभूराजनं केलं. शंभूराज कऱ्हाडकडचा, इंजिनिअर होऊन तीनेक वर्षं झालेली, कामाला चलाख पण थोडा विसरभोळा. मॉडेल पल्लवीच्या हवाली करताना तो म्हणाला, "ताई, डोंगराकडच्या गल्लीची लाइन मागाहून आली. मी जोडलीय. तेवढी बघून घ्या."

पल्लवीनं बघितलं. तिला लाइन दिसली नाही. पुन्हा बघितलं, नाहीच दिसली. पोरगं सेव्ह करायला विसरलं असेल, असं तिला वाटलं. त्याला विचारायचं तिच्या मनात होतं, पण तेवढ्यात साहेबांनी हाक मारली, कंत्राटदार पहिल्या टप्प्याचे नकाशे मागत होता, आणि ते राहून गेलं. तिनं जेवढ्या लाइनी दिसल्या तेवढ्या निवडल्या आणि बिऱ्हाड हलवलं. दुसऱ्या सॉफ्टवेअरनं सगळं मुकाट्यानं घेतलं. पाइप तुटका असेल तर ते सॉफ्टवेअर तक्रार करतं, उलटा असेल तरी करतं. पण जी लाइन त्याच्याकडे आणलीच नाही, तिच्याबद्दल ते काय बोलणार? पाऊस पाडून पाहिला, सगळे पाइप निळे राहिले, म्हणजे सगळं ठीक. खालच्या मुख्य पाइपचा आकार ठरला, नकाशे गेले, आणि महिन्याभरात तो पाइप जमिनीत गेलासुद्धा.

तसं गेलं वर्षभर काहीतरी बिनसलं होतं. दाराच्या चौकटीला तिचा डावा खांदा लागायचा. टेबलावरचा कप दोनदा कोपरानं पडला. स्कूटी तिनं सोडून दिली होती. विचारलं की म्हणायची, "पोवई नाक्याला काय गर्दी असते हल्ली! त्यापेक्षा रिक्षा बरी." चष्म्याच्या दुकानात नंबर तपासून आली, नवी काच बसवली, तरी पडद्यावरच्या फिकट रेषा पुसल्यासारख्या वाटायच्या. वय झालं, असं ती मनाशी म्हणायची.

दुसऱ्या टप्प्याच्या बैठकीला कंत्राटदाराचा साइट इंजिनिअर आला होता. पल्लवीनं नेहमीसारखं मॉडेल भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लावलं आणि समजावून सांगू लागली. मध्येच शंभूराज चुळबुळला.

"ताई, डोंगराकडच्या गल्लीची लाइन ह्यात दिसत नाही."

"ती माझ्याकडे आलीच नाही."

"आलीय ताई. मी तुम्हाला सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस, म्हणून तर मी शोधली. नव्हती. तू फाइल सेव्ह न करताच दिलीस. आणि हे तुझं पहिल्यांदाच नाही, शंभूराज. दुसऱ्याचा वेळ घालवायचा आणि वर चारचौघांत असं बोलायचं."

शंभूराजचे कान लाल झाले. तो उठला, त्याची मूळ फाइल पडद्यावर उघडली आणि पडद्यापाशी जाऊन उभा राहिला. "ही बघा. डावीकडं, खाली."

पल्लवीनं पाहिलं. तिला काळा पडदा दिसला, रस्त्यांच्या पांढऱ्या रेषा दिसल्या, शंभूराजचा दंड दिसला. कोपराच्या खाली त्याचा हात कुठं होता ते तिला कळेना.

"कुठं?" तिनं विचारलं.

साइट इंजिनिअर हसला. त्याला वाटलं, बाई हट्टाला पेटल्यात. "मॅडम, अहो हातभर लांब लाइन आहे. त्यांनी बोट ठेवलंय तिथं."

"कुठं ठेवलंय?"

आता कुणी हसलं नाही. पल्लवीनं सगळी मान डावीकडं वळवली, आणि मग ती लाइन एकदम समोर आली. करड्या रंगाची, चांगली लांब, तिच्यावर शंभूराजचं बोट. आत्ता या क्षणी कुणी काढून ठेवावी तशी. ती बराच वेळ लाइनीकडे बघत राहिली. मान सरळ केली, लाइन गेली. पुन्हा वळवली, लाइन आली.

भोईटे साहेबांनी बैठक तिथंच आवरली. पाहुण्याला चहा पाजून वाटेला लावलं आणि पल्लवीसमोर येऊन बसले.

"साहेब, माझी चूक झाली," ती म्हणाली. "पाइप बारका पडणार. गल्लीचं सगळं पाणी..."

"पाइपचं मी बघतो. तुम्ही आधी डोळे दाखवून या."

"चष्मा बदलायचाय फक्त."

"मॅडम," साहेब हळू आवाजात म्हणाले, "मघाशी सगळे पडद्याकडे बघत होते. मी तुमच्याकडे बघत होतो. उद्याच जा."

दवाखान्यात तिला अंधाऱ्या खोलीत एका यंत्रासमोर बसवलं. पांढऱ्या वाडग्यासारखा त्याचा आतला भाग. हनुवटी टेकवायची, समोरच्या ठिपक्याकडे नजर ठेवायची आणि कडेला कुठंही बारीक दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. एक डोळा झाला, मग दुसरा. पल्लवीला ती तपासणी फार शांत वाटली. दिवा लागायचा, ती दाबायची. मग बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा एखादा. यंत्र जरा सुस्त आहे, असं तिला वाटलं. एकही दिवा आपण चुकवला नाही या समाधानात ती बाहेर येऊन बसली.

डॉक्टरीणबाई वयानं तिच्याएवढ्याच होत्या. कागद पुढ्यात घेऊन त्यांनी विचारलं, "दिवे किती लागले असं वाटलं?"

"थोडेच लागले. पण मी सगळे पकडले."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दिवे पुष्कळ लागले, पल्लवीताई. तुम्हाला दिसले ते थोडे."

त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला. दोन डोळ्यांची दोन गोल चित्रं. त्यांचा बराचसा भाग काळा झालेला. डावीकडचा खालचा तर कोळशानं घासावा तसा. काचबिंदू, त्यांनी सांगितलं. डोळ्यातला दाब वाढतो आणि आतली नस हळूहळू सुकत जाते. दुखत नाही, खुपत नाही. नजर कडेनं जात राहते, आणि जिथं दिसत नाही तिथं अंधारही दिसत नाही, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. थेंब आयुष्यभर घालायचे, गरज पडली तर ऑपरेशन. "राहिलेलं राखता येईल, असा प्रयत्न करायचा. पण गेलेलं परत येत नाही. तुमचं बरंच गेलंय."

"कॉम्प्युटरचं काम?"

"अजून काही दिवस जमेल. किती, ते मी आज नाही सांगू शकत." मग त्यांनी विचारलं, "घरात कुणाला आहे का हे?"

"आईला दिसत नाही. पण तो मोतीबिंदू. पिकला म्हणून गेले डोळे."

"कुणी सांगितलं?"

पल्लवी आठवू लागली. डॉक्टरनं सांगितल्याचं तिला आठवेना. वस्तीवरचे सगळेच तसं म्हणायचे.

"तुमच्या भावाबहिणींनाही तपासून घ्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उशीर करू नका."

ती तिथून थेट स्टँडवर गेली आणि सांगलीच्या गाडीत बसली. उंब्रज आलं तेव्हा तिनं मान वळवून खिडकीतून पाहिलं. वसाहतीची कमान दिसली, तिच्यामागं उकरलेल्या मातीचे ढीग दिसले, आणि गाडी पुढं निघून गेली.

गाडीत सगळा वेळ तिच्या डोळ्यांपुढं आई होती. रंगुबाई. तरणीताठी असताना ती मेंढरांबरोबर कृष्णाकाठापर्यंत चालत जायची. दिवाळी झाली की वस्तीवरचे वाडे, म्हणजे माणसं आणि मेंढरांचे कळप, निघायचे, उसाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, पुढच्या गावाला जायचं. पल्लवी आणि धाकटा बिरदेव आईच्या पुढंमागं. शाळा म्हणजे मुक्काम असेल तिथं चार दिवस जाऊन बसायची. एका वर्षी रस्ता ओलांडताना रंगुबाईच्या डाव्या अंगाला चाललेल्या मेंढ्यांत जीप घुसली. दोन मेंढ्या जागेवर मेल्या. जीप समोरून आली होती, उजेडाची वेळ होती, पण रंगुबाईला ती दिसलीच नाही. नवरा बाळासो सगळ्या वाड्यासमोर तिच्यावर ओरडला. "ध्यान कुठं असतं तुजं? डोळं हायत का बटणं?" त्या हंगामात ती दगडाला अडखळली, दावणीला अडखळली, दर वेळी बोलणी खाल्ली. पुढच्या वर्षी बाळासोनं तिला नेलंच नाही. ती दोन पोरांना घेऊन वस्तीवर राहिली. पुढं हळूहळू सगळंच दिसायचं थांबलं.

पल्लवी पोचली तेव्हा आई सोप्यात बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. पोरीच्या चपलांचा आवाज तिनं अंगणातच ओळखला.

"पल्ली का गं? आज मदीच कशी आलीस?"

"आले अशीच."

पल्लवी आत आली. रंगुबाईचे हात शेंगांवरच थांबले.

"चौकटीला हात लावून आलीस."

"व्हय. का?"

"तू कवा लावत न्हाईस. भिंगरीगत आत येतीस. माझं डोळं गेलं तवा पयलं मी चौकटीला हात लावाय लागले. उंबरा घावायचा न्हाई. काय झालंया तुला?"

पल्लवीनं ठरवलं होतं की आधी जेवायचं, मग बिरदेव आल्यावर सावकाश सांगायचं. तिला ते जमलं नाही. ती आईशेजारी जमिनीवर बसली आणि सगळं सांगून टाकलं. दवाखाना, दिवे, काळे गोल. डोंगराकडच्या गल्लीची लाइनसुद्धा सांगितली, आईला त्यातलं काही कळणार नव्हतं तरी.

रंगुबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "कंच्या अंगाला?"

"डाव्या. खालनं."

"व्हय," आई म्हणाली. "तसंच. डाव्या अंगाला, खालनं."

पल्लवी म्हणाली, "आये, तुला दिसत न्हवतं हे तू कुणाला का सांगितलं न्हाईस गं?"

"मला तरी कुठं ठावं हुतं? दिसत न्हाई हे दिसतंय व्हय कुणाला? तुझ्या बाला वाटायचं, मी ध्यान देत न्हाई. मलाबी तसंच वाटायचं. मी आपली मनाशी म्हणायची, रंगे, नीट बघून चाल, नीट बघून चाल."

तिनं एक शेंग उचलली, फोडली, दाणे सुपात टाकले.

"तुला एक सांगू का? डोळं गेलं त्येचं मी लय वाईट वाटून घेतलं न्हाई. मी घरी बसले म्हणून तुमी दोघं शाळंत गेला. न्हायतर तूबी मेंढरामागंच ऱ्हायली असतीस. तू सातारला कामाला लागलीस तवा मी म्हटलं, जाऊंद्या, पोरीच्या कामी आलं. आता त्योच रोग तुझ्यात. तुझं समदं काम डोळ्याचं. मग माझं डोळं जाऊन काय उपेग झाला, सांग बरं?"

पल्लवी आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. साताऱ्याला राहायला गेल्यापासून ती अशी कधी रडली नव्हती. लग्न मोडून आली तेव्हासुद्धा नाही.

बिरदेव संध्याकाळी आला. तो दूध संकलनाचा टेम्पो चालवायचा, वस्त्या-वस्त्यांवरून कॅन गोळा करून डेअरीत पोचवायचे. बहिणीचं ऐकून त्याचा चेहरा उतरला. थेंब कुठं मिळतात, ऑपरेशन कुठं करतात, सगळं त्यानं विचारलं. पण त्यालाही तपासायला हवं म्हटल्यावर तो उठून उभाच राहिला.

"मला काय झालंया? गरुडागत दिसतंय."

"मलाबी तसंच वाटत होतं, बिरू."

"आणि निघालं काय तर? डॉक्टर म्हणणार, गाडी चालवू नका. मग? मेंढरं तर बा हुता तवाच इकली. मी काय करू?"

"एखादा माणूस आडवा आला आणि तुला दिसलाच न्हाई तर काय करशील?"

तो बाहेर गेला आणि टेम्पो धूत बसला. रात्रीही तो विषय त्यानं काढू दिला नाही.

सकाळी रंगुबाईनं चहाला हात लावला नाही. सुनेनं भाकरी आणली, ती तशीच राहिली. बिरदेव दुधाची फेरी करून आला तरी आई भिंतीला टेकून तशीच.

"आये, खाऊन घे."

"तू डोळं दाखवून ये, मग खाती."

"पोरासारखा हट्ट करू नगंस."

"बिरदेवा," रंगुबाई म्हणाली, "दोन मेंढ्या मेल्या त्या माझ्यामुळं मेल्या. त्या मेंढ्या हुत्या म्हणून निभावलं. तुझ्या गाडीम्होरं मेंढरंच येतील असं कोण सांगितलंया तुला?"

त्याच दिवशी बिरदेव पल्लवीबरोबर मिरजेला गेला. परत येताना बसमध्ये दोघं शेजारी बसले होते, पण एकमेकांकडे बघत नव्हते. त्यालाही होतं. सुरुवात होती, एकाच डोळ्यात, थेंबांवर भागण्यासारखं. दिवसा गाडी चालवायला हरकत नाही, दर चार महिन्यांनी दाखवायला या, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं.

वेळेवर कळलं, म्हणजे चांगलंच झालं म्हणायचं. पण घरी हे कसं सांगावं ते दोघांना कळेना. शेवटी बिरदेवच उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "आये, माझंबी तसंच हाय. थोडं हाय."

रंगुबाईनं दोन्ही हात पुढं केले. एक हात बिरदेवच्या तोंडावरून फिरवला, एक पल्लवीच्या. "दोघास्नीबी दिलं व्हय मी," एवढंच ती बोलली. भाकरी त्या दिवशीही तिनं खाल्ली नाही.

पल्लवी साताऱ्याला परतली. ऑफिसात गेल्या गेल्या ती शंभूराजच्या टेबलापाशी उभी राहिली. साहेब होते, बाकीची पोरंही होती. "त्या दिवशी मी तुला सगळ्यांसमोर बोलले," ती म्हणाली. "आता सगळ्यांसमोरच सांगते. फाइल बरोबर होती. मलाच दिसली नाही."

"राहू द्या की ताई," शंभूराज म्हणाला. तो खुर्चीतून अर्धवट उठला होता आणि बसावं की उभं राहावं हे त्याला समजत नव्हतं.

उंब्रजचं मॉडेल पुन्हा न्यायचं होतं. या वेळी माउस शंभूराजच्या हातात आणि पल्लवी शेजारच्या खुर्चीत. ती सांगत गेली, तो करत गेला. आधी कोणती नावं बघायची, उलटे पाइप कसे ओळखायचे, लाइनी नजरेनं निवडायच्या नाहीत तर यादी काढून एकेक मोजून घ्यायची. हे शेवटचं तिनं नव्यानं सुरू केलं होतं. मॉडेल पलीकडे गेलं, डोंगराकडच्या गल्लीसकट. शंभूराजनं पाऊस पाडला आणि पडद्याकडे वाकून बघितलं.

"काय झालं?"

"लाल आलंय ताई."

"कुठं?"

"खालचा मुख्य पाइप. आणि त्याच्या वरची तीन चेंबर."

पल्लवीनं मान वळवून बघायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. तिला ते ठाऊकच होतं. जमिनीत घातलेला पाइप पुरणार नव्हता. तो उकरायचा तर शेजारच्या घरांच्या पायांना धक्का लागला असता, म्हणून शेजारून दुसरा पाइप टाकायचं ठरलं. कंत्राटदार आरडाओरडा करून गेला. भोईटे साहेबांनी त्याला काय सांगून शांत केलं, ते त्यांनी पल्लवीला कधी कळू दिलं नाही. मात्र पावसाच्या आत दुसरा पाइप पडला आणि खालच्या गल्लीत पाणी शिरलं नाही, हे शंभूराजनं तिला साइटवरून मुद्दाम फोन करून सांगितलं.

साहेबांनी तिला जा म्हटलं नाही. मोठा पडदा आणून दिला, अक्षरं मोठी करून दिली. पावसाळाभर ती येत राहिली. पण थेंब वेळेवर घालूनही उजव्या डोळ्याची कड आत सरकतच होती. ऑपरेशन झालं, दाब उतरला, गेलेली नजर काही आली नाही. एकदा तिनं एक लहानसं काम, चार गल्ल्यांचं, एकटीनं करून पाहिलं. झालं तेव्हा तिला आनंद झाला. मग शंभूराज उठून लघवीला गेला तेवढ्यात तिनं त्याच्या पडद्याकडे पाहिलं. तिचंच काम तो गुपचूप दुसऱ्यांदा तपासत होता. त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. तिनंही तेच केलं असतं. ती जागेवर येऊन बसली.

दिवाळीच्या आधी तिनं साहेबांना सांगितलं की आता थांबते. साहेब म्हणाले, फोनवर पोरांना सांगत जा, तेवढा तरी संबंध ठेवा. ती हो म्हणाली. सुरुवातीला फोन आलेही. एखादा पाइप जुळत नाही, एखादं चेंबर येत नाही. ती डोळे मिटून ऐकायची आणि काय असेल ते सांगायची. पुढं पोरं शिकली. फोन कमी झाले, हे ठीकच होतं.

साताऱ्यातली खोली सोडताना बिरदेव टेम्पो घेऊन आला. सामान फारसं नव्हतंच. सकाळी लवकर निघाले, कारण अंधार पडल्यावर तो आता गाडी चालवत नव्हता.

आता पल्लवी वस्तीवर असते. सकाळचं ऊन वर आलं की तिला बऱ्यापैकी दिसतं, मधलं मधलं. वस्तीवरच्या दोन मुलींना ती गणित सांगते, आकडे मोठे काढायला लावते. आईला आणि बिरदेवला थेंबांची आठवण करून द्यायचं काम तिचं. आईच्या डोळ्यांना आता थेंबांचा उपयोग नाही, पण कधीकधी डोळे दुखतात म्हणून डॉक्टरांनी दिलेत. सोप्यात दोघी मायलेकी शेंगा फोडत नाहीतर मटकी निवडत बसलेल्या असतात. आई हातानं निवडते, पल्लवी डोळ्यांजवळ धरून. आईचं काम लवकर होतं.

रोज कधीतरी, काम करता करता, रंगुबाई विचारते, "आज किती दिसतंय गं?"

"कालच्याएवढंच, आये," पल्लवी सांगते.

एखाद्या दिवशी ते खरंही असतं.